माप आधी, नाव नंतर : जुनी रोड बाइक घेणाऱ्यांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत : हाताशी पैसे थोडे आहेत, पहिली रोड बाइक (खाली वळलेल्या हँडलची, रस्त्यावर वेगात चालणारी सायकल) घ्यायची आहे आणि ती जुनीच घ्यावी लागणार आहे. म्हणून आज दुसरं काही नाही, फक्त तेवढंच.

प्रश्न : बजेट अगदी बेताचं आहे. तेवढ्याच पैशांत एक नवी, सर्वांत स्वस्त रोड बाइक मिळते आणि एक आठ-दहा वर्षं वापरलेली पण चांगल्या दर्जाची. कोणती घेऊ?

जुनी घ्या. सगळ्यात स्वस्त नव्या सायकलीत कंपनी जिथे काटकसर करते, ते भाग सहज डोळ्यांत भरत नाहीत : हब (चाकाचा मधला, आसाभोवतीचा भाग), बेअरिंग, ब्रेक, रिम. रंग आणि स्टिकर मात्र झकास असतात. मधल्या दर्जाच्या जुन्या सायकलीत याच भागांवर पैसे खर्च झालेले असतात आणि ते नीट राखले तर वर्षानुवर्षं टिकतात.

पण माझी एक अट आहे. जवळचे सगळे पैसे सायकलीत घालू नका. निदान चौथा हिस्सा बाजूला काढा आणि तो विकणाऱ्याला कळूही देऊ नका. जुन्या सायकलीला टायर, ट्यूब, चेन, ब्रेक पॅड, केबल आणि हँडलची टेप यांतलं काही ना काही लागतंच. कधी कधी सगळंच लागतं. हा खर्च आधी धरला नाही, तर सायकल भिंतीला टेकून पडून राहते. अशा सायकली मी बऱ्याच पाहिल्या आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण थोडेच पैसे कमी पडलेले असतात.

प्रश्न : माझी उंची १६८ सेंमी आहे. एक सुंदर सायकल मिळतेय, पण तिच्यावर ५८ (फ्रेमचं माप, सेंमीमध्ये) लिहिलंय. विकणारा म्हणतो, सीट खाली केली की झालं. खरं आहे का?

नाही. ही सायकल सोडा, कितीही सुंदर असली तरी.

सीट खाली केल्याने पाय पोचतात, हात नाही. फ्रेम मोठी म्हणजे वरची नळी लांब, म्हणजे हँडल दूर. अर्ध्या तासात मान आणि खांदे भरून येतात, तळहातांना मुंग्या येतात आणि आपल्याला वाटतं की रोड बाइक आपल्याला झेपत नाही. खरा दोष सायकलीच्या मापाचा असतो. तुमच्या उंचीला साधारण ५२ ते ५४ चं माप बसतं. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेमला सीटची दांडी वर काढता येते, स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) थोडा लांब लावता येतो. मोठी फ्रेम कापून लहान करता येत नाही.

नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नका. जुन्या सायकलींवर सीटच्या नळीची लांबी लिहिलेली असायची. आताच्या फ्रेमची वरची नळी उतरती असते आणि आकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे. जाताना मोजायचा टेप घेऊन जा. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड उभ्या नळीच्या) वरच्या टोकाच्या मध्यापासून सीटच्या दांडीच्या मध्यापर्यंत टेप अगदी आडवा, जमिनीला समांतर धरा. हे अंतर वेगवेगळ्या सायकलींमध्ये ताडून पाहता येतं. ओळखीच्या कुणाची सायकल तुम्हाला सुखाची वाटत असेल, तर आधी तिचं हे अंतर मोजून ठेवा.

सीटची उंचीही घरीच काढून ठेवा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जाडसर पुस्तक दोन्ही पायांमध्ये वर घट्ट धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा. ७८ सेंमी आलं तर जवळपास ६९. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर ठेवून सुरुवात करायची, मग सवयीने थोडं खाली-वर.

प्रश्न : मला सायकलीतलं फारसं कळत नाही. विकणाऱ्याच्या दारात उभं राहून नेमकं काय बघू?

दिवसाउजेडी जा आणि खिशात एक फडकं व दोन मीटर दोरा ठेवा.

पहिल्यांदा फक्त फ्रेम बघा, बाकी सगळं नंतर. फडक्याने धूळ पुसा. हेड ट्यूबच्या मागे, खालची तिरकी नळी जिथे जोडली आहे, तिथून अंगठा नळीच्या पोटावरून हळूहळू फिरवा. तिथे उंचवटा, सुरकुती किंवा रंगाला आडवी चीर लागली तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. अशा वेळी चिमटाही (पुढचं चाक धरणारा) बाजूने बघा : तो मागे रेटल्यासारखा दिसतो. मग क्रँकच्या आजूबाजूचे आणि मागच्या चाकाजवळचे जोड तपासा. नुसता ओरखडा रंगापुरता असतो, चीर जोडाच्या कडेने पळते.

आता दोरा. मागच्या चाकाचा आस फ्रेमला जिथे बसतो, त्या एका बाजूच्या खाचेला दोरा बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून परत आणा आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेला ताणून बांधा. सीटची नळी आणि दोरा यांच्यातलं अंतर दोन्हीकडे मोजा. मागे एकदा एका ओळखीच्या मुलासाठी मी निळी, चकचकीत सायकल बघायला गेलो होतो. डोळ्यांना ती सरळ दिसत होती. दोरा लावला तर एका बाजूला २९ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ३६. मालकालाही ठाऊक नव्हतं, त्याने स्वतः वाकून दोनदा मोजलं. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालतो, सातचा नाही.

यानंतर सीटची दांडी. बोल्ट सैल करून ती वर-खाली हलते का बघा, आणि हे विकणाऱ्यासमोरच करा. माझ्या पहिल्या जुन्या सायकलीत मी हे पाहिलं नव्हतं. स्टीलच्या नळीत ॲल्युमिनियमची दांडी वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिली की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. घाम, तेल, हातोडी, सगळं करून झालं. शेवटी ती करवतीने आतून उभी कापून काढावी लागली. दोन अख्ख्या सुट्ट्या त्यात गेल्या.

चाकं एकेक उचलून फिरवा आणि ब्रेक पॅड व रिम यांतली फट बघा. थोडं आऊट असेल तर कारागीर काढून देतो. चाक वर-खाली उडत असेल तर रिम ठेचलेली आहे, ती सहसा सरळ होत नाही. आरे दोन-दोन चिमटीत दाबून बघा, एखादाच लोंबकळत असेल तर विचारा का. रिमच्या बाजूवरून नख फिरवा : ब्रेक लागून लागून ती आत वाटीसारखी खोलगट झाली असेल तर चाकच बदलावं लागणार.

शेवटी दोन हिसके. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला, हँडलखाली कट-कट लागली तर हेडसेट (हेड ट्यूबमधली बेअरिंग) ढिला आहे. क्रँक हातात धरून आडवा, फ्रेमच्या दिशेने हलवा, खेळ असेल तर बेअरिंग गेलं. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात, पण भाव करताना त्या मोजायच्या.

आणि चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळे गिअर टाका, उभं राहून जोर लावा. जोर देताना चेन दातांवरून सटकली तर ते दोन फुटांवरूनही ऐकू येतं.

प्रश्न : एक सायकल मापात आहे, फ्रेम सरळ आहे. पण चेन गंजलेली, टायर चिरलेले, टेप फाटलेली. त्यामुळे भाव पडलेला आहे. धोका आहे का?

मला तर अशीच सायकल आवडते. जे दिसायला वाईट आहे तेच बदलायला सोपं आहे, आणि त्याच्यामुळे बाकीचे गिऱ्हाईक मागे फिरतात.

चेनवर एक काम करा. इंचाची पट्टी घ्या, शून्य एका पिनच्या मध्यावर ठेवा. चेन ताणलेली असू द्या. १२ इंचांवर बरोबर पिनचा मध्य यायला हवा. तो इंचाच्या सोळाव्या भागाने पुढे सरकला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. आठव्या भागाने सरकला असेल तर मागची कॅसेटही (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) बहुतेक तिच्याबरोबर झिजली आहे आणि नवी चेन तिच्यावर सटकेल. म्हणजे दोन्हींचा खर्च धरा. पुढच्या चक्राचे दात शार्कच्या पाठीवरच्या परासारखे एका बाजूला कललेले दिसले, तर तेही हिशेबात घ्या.

टायर घेताना आधी रिमचं माप खात्रीने बघा. रोड बाइकची चाकं बहुतेक ७०० सी मापाची, म्हणजे टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिमी. फार जुन्या सायकलींना २७ इंची चाकं असतात, त्यांचा हाच व्यास ६३० मिमी. आठ मिलिमीटरच्या फरकाने एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही, आणि २७ इंचीमध्ये निवडही फार कमी मिळते. फ्रेममध्ये जागा असेल तर २३ मिमीऐवजी २५ किंवा २८ मिमी रुंदीचा टायर घाला. खड्ड्यांत हाताला जाणवतो तो फरक.

प्रश्न : फ्रेम कशाची घेऊ : कार्बन, ॲल्युमिनियम की स्टील?

कमी पैशांत आणि पहिल्या खेपेला, ॲल्युमिनियम किंवा स्टील. स्टील वाकलं तर बहुधा दिसतं आणि जोडताही येतं. ॲल्युमिनियमला जोडाशी चीर नसेल तर बाकी फारशी चिंता नाही. कार्बनचं नुकसान आत दडलेलं असू शकतं आणि नाण्याने टकटक करून ते खात्रीने कळत नाही. इतिहास माहीत असलेल्या माणसाकडून कार्बन घेता येतं. अनोळखी माणसाकडून, अगदी स्वस्तात मिळतंय म्हणून, घेऊ नका.

प्रश्न : गिअर-ब्रेकच्या भागांत शिमानो कंपनीचीच एवढी नावं आहेत. निदान कोणतं असावं? आणि गिअरचे खटके फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर असलेली जुनी सायकल नवख्याला जमेल का?

जुन्या रोड बाइकवर दिसणारी शिमानोची उतरंड खालून साधारण अशी : क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. नवख्याने नावापेक्षा अवस्था बघावी. नीट राखलेलं सोरा हे थकलेल्या अल्टेग्रापेक्षा कितीतरी सुखाचं. ब्रेकच्या दांड्यातूनच गिअर बदलण्याची सोय शिमानोने १९९० मध्ये आणली. त्या जुन्या दांड्यांत आतलं ग्रीस सुकून चिकट होतं आणि दांडा दाबला तरी टिक् होत नाही. बऱ्याचदा ग्रीस विरघळवणारा फवारा मारून धुतल्यावर तो परत चालू होतो, पण खात्री देता येत नाही, म्हणून भावात ते धरा.

नळीवरचे गिअर जमतात. हात खाली न्यावा लागतो एवढंच, आणि बिघडण्यासारखं त्यांत फार थोडं असतं. रहदारीतून रोज जाणार असाल तर मात्र दांड्यातले बरे, कारण गिअर बदलताना हात ब्रेकवरून काढावा लागत नाही.

नावापेक्षा दात मोजणं जास्त कामाचं, आणि याबद्दल कुणीच विचारत नाही. जुन्या शर्यतीच्या सायकलींना पुढे ५३ आणि ३९ दातांची चक्रं, मागे सर्वांत मोठं २३ चं. चढावर सर्वांत हलका गिअर ३९ भागिले २३, म्हणजे १.७०. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेतीन मीटर सरकते. पुढे ५०-३४ आणि मागे २८ असेल तर तोच आकडा १.२१ होतो, फेऱ्याला अडीच मीटर. तुमच्या वाटेवर चढ असेल तर या एका मीटरवर सगळं ठरतं : चढून जाल की उतरून ढकलत न्याल.

प्रश्न : विकणारा हेल्मेटही फुकट देतोय. घेऊ?

नको. ते कुठे आपटलंय का हे बाहेरून कळत नाही. हेल्मेट नवंच घ्या.

प्रश्न : पावती नाही म्हणतो. सायकल चोरीची तर नसेल?

सायकल उलटी करा. बहुतेक फ्रेमना क्रँकच्या खाली क्रमांक कोरलेला असतो. तो घासलेला किंवा रंगाने बुजवलेला असेल तर पुढे बोलूच नका. क्रमांक नीट असेल तर साध्या गोष्टी विचारा : चेन शेवटची कधी बदलली, टायर कोणते घातले होते, का विकताय. स्वतःच्या सायकलीबद्दल माणूस न थांबता बोलतो. मग कागदावर क्रमांक, तारीख, रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्या. सही द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका.

प्रश्न : सायकल घरी आणली. आता आधी काय करू?

ब्रेकच्या दोन्ही केबल आणि पॅड बदला, ते चांगले दिसले तरी. हँडल, स्टेम, सीट आणि चाकांचे बोल्ट आवळून घ्या. हवा भरताना लक्षात ठेवा, रोड बाइकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बहुतेक बारीक असतो. त्याच्या टोकाची चिमुकली चकती आधी सैल करावी लागते आणि साधा पंप त्याला बऱ्याचदा बसत नाही. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, त्या कमाल आकड्याच्या वर जाऊ नका. पहिल्या दिवशी घराजवळच चार-पाच किलोमीटर फिरा, परत या आणि तेच बोल्ट पुन्हा एकदा आवळा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर कारागिराला दाखवा, कारण नव्या केबल तोवर थोड्या ताणलेल्या असतात.