वाचकांचे प्रश्न : बेसबॉलच्या इतिहासातील १ मे

मागील अंकात बेसबॉलच्या खेळाची प्राथमिक ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्राचे उत्तर जरा लांबले आहे, परंतु विषयच तसा आहे.

प्रश्न : आमची मुलगी टेक्सासमधील अर्लिंग्टन येथे असते. आपला लेख तिला पाठवला, तेव्हा आमचे जावई फोनवर म्हणाले, की आपला महाराष्ट्र दिन, म्हणजे १ मे, ही बेसबॉलमधील फार मोठी तारीख आहे. त्या दिवशी नेमके काय घडले? आम्हा उभयतांना क्रिकेट चांगले कळते, बेसबॉल जेमतेम, हे ध्यानात घेऊन लिहावे.
— एक ज्येष्ठ वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या जावयांचे म्हणणे खरे आहे आणि ते अर्लिंग्टनला राहत असल्यामुळे त्यांच्या मनात १९९१ सालचा १ मे असणार, यात शंका नाही. मात्र या तारखेच्या खात्यावर त्याहून जुन्या आणि, आमच्या मते, त्याहून मोलाच्या नोंदी आहेत. अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये सुरू होऊन सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो आणि आता त्यात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. त्यामुळे हंगामातील कोणतीही तारीख घेतली, तरी दीडशे वर्षांत तिच्यावर काही ना काही जमा झालेले असतेच. १ मे रोजी घडलेल्या गोष्टी त्या दिवशी घडल्या हा योगायोगच, पण त्यांतील काहींना एकमेकींशी जोडणारा एक धागा आहे.

१९९१ पासूनच सुरुवात करू. त्या दिवशी दुपारी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ओकलंड अॅथलेटिक्सच्या रिकी हेंडरसन यांनी न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध तिसरा बेस 'चोरला'. (धाव पूर्ण करण्यासाठी धावपटूला चौकोनाच्या चार कोपऱ्यांना क्रमाने स्पर्श करावा लागतो, ते कोपरे म्हणजे बेस.) पिचर चेंडू टाकत असताना बेसवरचा धावपटू फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसकडे धाव घेतो आणि कॅचरने, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने, फेकलेला चेंडू तेथे पोहोचून त्याला बाद केले जाण्यापूर्वी तो सत्तावीस मीटरच्या आसपासचे अंतर कापून बेस गाठतो, याला बेस चोरणे म्हणतात. क्रिकेटमधील चोरटी धाव दोघांच्या संगनमताने होते, इथे मात्र धोका एकट्याचा असतो. हेंडरसन यांची ही कारकिर्दीतील ९३९ वी चोरी होती आणि तिने लू ब्रॉक यांचा ९३८ चा विक्रम मागे पडला. स्वतः ब्रॉक त्या वेळी मैदानावर हजर होते. सामना थांबवला गेला, हेंडरसन यांनी तो बेस जमिनीतून उपटून डोक्यावर धरला आणि ध्वनिक्षेपकावरून, ब्रॉक यांचा गौरव करून, आज आपण सर्वकालीन श्रेष्ठ ठरलो आहोत असे जाहीर केले. या वाक्यावरून त्यांना पुष्कळ बोल लावले गेले. आम्हाला त्यात बढाईपेक्षा वस्तुस्थिती अधिक दिसते, कारण कारकीर्द संपली तेव्हा त्यांच्या नावावर १४०६ चोऱ्या होत्या आणि आजवर कोणीही त्या आकड्याच्या जवळपास फिरकलेले नाही.

त्याच रात्री अर्लिंग्टन येथे टेक्सास रेंजर्सचे पिचर नोलन रायन यांनी टोरंटो ब्लू जेजविरुद्ध कारकिर्दीतील सातवा नो-हिटर टाकला. संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही बॅटरला फटक्याच्या बळावर बेस गाठू न देणे म्हणजे नो-हिटर. चार वाईट चेंडू पडल्यामुळे किंवा क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे बॅटर बेसवर पोहोचला, तर तो फटका धरला जात नाही. रायन यांच्या खालोखाल सँडी कोफॅक्स यांचे चार आहेत, यावरून सात या आकड्याचे वजन कळावे. रायन तेव्हा ४४ वर्षांचे होते आणि इतक्या वयात नो-हिटर टाकणारा दुसरा कोणीही नाही. सामना ३-० असा संपला, त्यात त्यांनी १६ जणांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन-तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडलेले चांगले चेंडू) पाडून बाद केले, आणि शेवटचा बळी होता रॉबर्टो अलोमार. या अलोमार यांचे वडील सँडी अलोमार हे १९७३ साली रायन यांनी कॅलिफोर्निया एंजल्सकडून पहिले दोन नो-हिटर टाकले, तेव्हा त्यांच्याच संघातून दुसऱ्या बेसवर क्षेत्ररक्षण करत होते. बाप ज्याच्या पाठीशी उभा राहिला, त्याच्याच चेंडूवर अठरा वर्षांनी लेकाचा तिसरा स्ट्राइक पडला. दुपारी झालेला हेंडरसन यांचा विक्रम रात्रीपर्यंत झाकोळला गेला, तो असा.

आता मागे, १८८४ सालाकडे वळू. १ मे १८८४ रोजी मोझेस फ्लीटवुड वॉकर हे टोलेडो ब्लू स्टॉकिंग्ज संघाकडून लुइव्हिल येथे कॅचर म्हणून उतरले. टोलेडोचा संघ त्या वर्षी अमेरिकन असोसिएशन या, तेव्हा प्रमुख दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या, लीगमध्ये दाखल झाला होता. त्यामुळे प्रमुख लीगमध्ये उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून खेळणारे पहिले खेळाडू असा मान वॉकर यांना दिला जातो. (१८७९ साली विल्यम एडवर्ड व्हाइट नावाच्या मिश्रवंशीय खेळाडूने एक सामना खेळल्याचे संशोधकांनी पुढे आणले आहे, परंतु ते गोरे म्हणूनच वावरत होते.) पदार्पणाचे शहर लुइव्हिल असावे, यातही एक कटू योग होता. तीनच वर्षांपूर्वी, १८८१ साली, क्लीव्हलँडच्या एका संघाबरोबर वॉकर तेथे गेले असता केवळ वर्णामुळे त्यांना खेळू दिले नव्हते. आता ते खेळले खरे, पण त्यांना एकही फटका साधला नाही, हातून चुका झाल्या आणि टोलेडोचा पराभव झाला.

त्या काळी कॅचरला आजच्यासारखा जाड गादीचा मोठा हातमोजा नव्हता. बहुतेक कॅचर उघड्या हातांनी किंवा फार तर पातळ मोज्यांनी चेंडू झेलत आणि त्यांची बोटे सोलवटलेली किंवा मोडलेली असत. कोणता चेंडू येणार हे आधी ठाऊक असणे ही कॅचरची मोठी ढाल असते आणि त्यासाठीच तो पिचरला बोटांनी खुणा करतो. टोलेडोचे प्रमुख पिचर टोनी मुलेन यांनी पुढे अनेक वर्षांनी कबूल केले, की वॉकर हे आपल्याला लाभलेले सर्वोत्तम कॅचर होते, पण आपल्याला कृष्णवर्णीयांविषयी तिटकारा असल्यामुळे आपण त्यांच्या खुणांकडे न पाहता मनाला येईल तो चेंडू टाकत असू. म्हणजे वेगवान चेंडू येणार की वळणारा, याचा पत्ता नसताना हा माणूस बसून चेंडू झेलत होता, आणि तोही इतका चांगला, की द्वेष करणाऱ्यालाही त्याला सर्वोत्तम म्हणावे लागले. वॉकर त्या हंगामात ४२ सामने खेळले. प्रमुख लीगमधील त्यांची कारकीर्द एवढीच. त्यानंतर संघमालकांनी आपापसातील समजुतीने कृष्णवर्णीयांना दारे बंद केली आणि ती १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरेपर्यंत बंदच राहिली. हा काळ सुमारे त्रेसष्ट वर्षांचा.

हाच धागा १ मे १९५१ ला पुन्हा हाती येतो. क्युबात जन्मलेले मिनी मिन्योसो हे शिकागो व्हाइट सॉक्सचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये उतरले. आदल्याच दिवशी ते क्लीव्हलँडहून अदलाबदलीत या संघात आले होते. यांकीजच्या व्हिक रॅशी यांच्या चेंडूवर त्यांनी या संघाकडून आपल्या पहिल्याच बॅटिंगमध्ये होमरन (बहुधा चेंडू कुंपणापार धाडणारा, आपल्या षटकारासारखा फटका) मारला. सामना मात्र यांकीजने जिंकला आणि त्याच सामन्यात त्यांच्या मिकी मँटल या एकोणीस वर्षांच्या पोराने प्रमुख लीगमधील आपला पहिला होमरन मारला. मँटल यांचे कारकिर्दीत ५३६ होमरन झाले. त्यामुळे १ मे १९५१ म्हटले की बहुतेक अमेरिकन रसिकांना त्यांचाच पहिला होमरन आठवतो. पण त्या दिवशी मैदानावर उतरलेल्या यांकीज संघात एकही कृष्णवर्णीय नव्हता आणि पुढे १९५५ पर्यंत नव्हता, हेही त्याच पानावर लिहायला हवे. बोस्टन रेड सॉक्सने तर १९५९ उजाडू दिले. मिन्योसो यांना हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधील थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, प्रवेश मिळाला तो २०२२ साली, त्यांच्या निधनानंतर सात वर्षांनी.

तेव्हा जावयांना रायन यांच्याबद्दल जरूर सांगू द्यावे, पण आमच्या हाती असते, तर या तारखेच्या यादीत आम्ही वॉकर यांचे नाव सर्वांत वर लिहिले असते. १ मेची आणखी एक मोठी गोष्ट पुढील उत्तरात येते.

प्रश्न : डिसेंबर १९४८ मध्ये आपल्या पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद असताना काठेवाडच्या संघाने सामना सोडून दिला आणि ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम केवळ नऊ धावांनी लांब राहिला, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. बेसबॉलमध्ये निकाल लागल्याशिवाय सामना संपत नाही, असे आपण मागील अंकात लिहिले होते. असे अर्धवट सुटलेले सामने तेथे खरोखरच होत नाहीत का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आता जवळजवळ होत नाहीत, पूर्वी होत असत, आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध सामना नेमका १ मेचाच आहे. १९२० साली त्या दिवशी बोस्टनच्या ब्रेव्ह्ज फील्डवर बोस्टन ब्रेव्ह्ज आणि ब्रुकलिन रॉबिन्स यांच्यात २६ डावांचा सामना झाला. (बेसबॉलच्या एका डावात दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात.) नियमाप्रमाणे नऊ डावांनंतर बरोबरी असल्यास जादा डाव खेळले जातात. ब्रुकलिनने पाचव्या डावात एक धाव केली, बोस्टनने सहाव्यात एक केली, आणि त्यानंतर वीस डाव कोणालाही काही करता आले नाही. मैदानावर विजेचे दिवे नव्हते, कारण प्रमुख लीगमधील पहिला प्रकाशझोतातील सामना १९३५ सालचा आहे. अंधारून आल्यावर पंचांनी १-१ अशा बरोबरीत खेळ थांबवला.

विशेष म्हणजे ब्रुकलिनचे लिऑन कॅडोर आणि बोस्टनचे जो ओशगर या दोघांनी सर्वच्या सर्व २६ डाव एकट्याने पिचिंग केले. आज पिचरने नऊ डाव पूर्ण केले, तरी ती बातमी होते. इतके होऊनही सामना ३ तास ५० मिनिटांत आटोपला होता. पिचर चेंडू हातात आला की टाकून मोकळे होत आणि बॅटरही उगाच वेळ काढत नसत.

ब्रुकलिनचे हाल इतक्यावर संपले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार असल्याने आणि बोस्टनमध्ये रविवारी खेळास परवानगी नसल्याने त्यांनी घरी परतून फिलाडेल्फियाविरुद्ध १३ डाव खेळले आणि हरले. तिसऱ्या दिवशी पुन्हा बोस्टनला जाऊन १९ डाव खेळले आणि तेही हरले. तीन दिवसांत ५८ डाव आणि विजय एकही नाही. तरीही त्या वर्षी नॅशनल लीगचे (दोन प्रमुख लीगपैकी एकीचे) विजेतेपद ब्रुकलिननेच मिळवले. निंबाळकरांच्या बाबतीत प्रतिस्पर्ध्याने मैदान सोडले होते. येथे दोन्ही संघ खेळायला तयार होते आणि सूर्याने दगा दिला. प्रमुख लीगमधील सर्वाधिक डावांचा हा विक्रम आजही कायम आहे आणि तो मोडण्याची शक्यताही फारशी उरलेली नाही. २०२० पासून साखळी सामन्यांत जादा डाव सुरू होतानाच दुसऱ्या बेसवर एक धावपटू उभा केला जातो, त्यामुळे निकाल लवकर लागतो. जुन्या रसिकांना हा नियम रुचलेला नाही, आणि आम्हालाही नाही.

प्रश्न : ओकलंडमध्ये १ मेची दुपार असते, तेव्हा पुण्यात २ मेची मध्यरात्र उलटून गेलेली असते. मग विक्रमाची तारीख कोणती धरतात? आणि पावसामुळे सामना मध्येच थांबून महिन्याभराने पूर्ण झाला, तर?
— एक विद्यार्थिनी, औंध

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. ज्या मैदानावर सामना सुरू झाला, तेथील तारीख धरली जाते. दुसऱ्या भागात मात्र गंमत आहे. तहकूब झालेला सामना केव्हाही पूर्ण झाला, तरी त्यातील सर्व नोंदी तो मुळात ज्या दिवशी सुरू झाला, त्या तारखेला जमा होतात. वॉशिंग्टन नॅशनल्स आणि यांकीज यांच्यातील १५ मे २०१८ चा सामना पावसामुळे थांबला आणि १८ जून रोजी पुढे चालू झाला. मधल्या काळात, २० मे रोजी, हुआन सोतो यांनी वॉशिंग्टनकडून पदार्पण केले होते. उर्वरित सामन्यात ते बदली बॅटर म्हणून आले आणि त्यांनी होमरन मारला. परिणामी अधिकृत आकडेवारीत पदार्पणाच्या पाच दिवस आधीच्या तारखेला त्यांचा होमरन दिसतो, ज्या दिवशी प्रत्यक्षात ते कनिष्ठ लीगमध्ये होते.

याहून विचित्र नोंद डॅनी जॅन्सन यांची आहे. २६ जून २०२४ रोजी बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये ते टोरंटोकडून बॅटिंग करत असतानाच पाऊस आला आणि सामना तहकूब झाला. जुलैत त्यांची अदलाबदल होऊन ते बोस्टनच्या संघात गेले. २६ ऑगस्टला सामना पुढे सुरू झाला, तेव्हा टोरंटोने त्यांची अर्धवट राहिलेली बॅटिंग पूर्ण करायला डॉल्टन व्हार्शो यांना पाठवले. त्यांच्या मागे बोस्टनचे कॅचर म्हणून बसले होते स्वतः जॅन्सन. एकाच सामन्यात दोन्ही संघांकडून खेळलेले प्रमुख लीगमधील ते पहिले खेळाडू ठरले, आणि नोंदवहीत या सगळ्याची तारीख २६ जून अशीच आहे.