मुलांना घेऊन केनियातल्या मसाई माराला प्राणी बघायला जातोय. 100-400 मिमीची झूम लेन्स पुरेल का, की 600 मिमीची भाड्याने घेऊ?

100-400 पुरेल, 600 नेऊ नका. तिथले सिंह, चित्ते गाड्यांना सरावलेले असतात, त्यामुळे जवळून दिसतात; हत्ती-जिराफ तर 400 वर फ्रेमबाहेर जातात. लांबच्या प्राण्यासाठी मोठी लेन्स हवी असं वाटतं खरं, पण सकाळी नऊ-दहानंतर गवताळ रानावर तापलेली हवा थरथरायला लागते आणि दूरचा फोटो कितीही महागड्या काचेतून मऊच (अस्पष्ट) येतो. आम्ही घरच्यांसोबत गेलो होतो, तेव्हाचा हा अनुभव. शिवाय नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल, तर हातातल्या बॅगेसकट साधारण 15 किलोच सामान चालतं.

ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी. रिकामी बीन बॅग (लेन्स टेकवायची छोटी पिशवी) न्या, तिथे तांदूळ भरा, गाडीच्या उघड्या छताच्या कडेवर ठेवा. फोटोआधी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा आणि मुलांना दोन मिनिटं स्थिर बसवा (हे सगळ्यात अवघड). धुळीत लेन्स बदलू नका. निसर्गदृश्यं सरळ फोनवर घ्या. कॅमेरा झाकायला कापडी पिशवी न्या, केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे.

मात्र पक्षीच टिपायचे असतील तर 400 कमी पडेल. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात स्वतः गाडी चालवणार असाल तरीही, कारण तिथे रस्ता सोडता येत नाही.