दाणा मोजू नकोस, पंजा बघ

प्रिय मित्रा,

तुझी मेल परवा रात्री आली. पहिल्यांदा वाचली तेव्हा तुझी दया आली, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा राग आला. तुझ्या गाइडचा आला, आणि खरं सांगायचं तर थोडा तुझाही.

तू जे तीन पानं फिरवून सांगितलंयस ते एवढंच आहे. उंदरांच्या मोटर कॉर्टेक्सला, म्हणजे हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या भागाला, एका बाजूनं इजा केली. निम्म्यांना फटीतून पंजा घालून दाणा उचलायचा सराव दिला, निम्म्यांना दिला नाही. चौथ्या आठवड्यात सराववाले उंदीर जवळजवळ पूर्वीइतके दाणे उचलायला लागले. आलेख देखणा आला. मग तू हौसेनं व्हिडिओतून सांध्यांचा माग काढणारं सॉफ्टवेअर चालवलंस, आणि पंजाची आताची वाट इजेआधीच्या वाटेशी जुळेना. गाइड म्हणतात, दाण्यांचा पेपर आधी पाठवू, वाटेचं पुढच्या पेपरात बघू. आणि तू मला विचारतोयस, "मॅडम, यातलं खरं कुठलं?"

अरे, दोन्ही खरं. उंदराला दाणा मिळाला आणि त्याचा पंजा बरा झालेला नाही. खोटा आहे तो तुझ्या मसुद्याच्या शीर्षकातला 'रिकव्हरी', म्हणजे हालचाल पूर्ववत होणं, हा शब्द.

किती दाणे मिळाले ते नंतर सांग. पंजा कसा गेला ते आधी सांग.

उंदरांच्या हालचालींचे अभ्यासक इयन व्हिशॉ यांनी या एका हालचालीचे तुकडे पाडून ठेवलेत: पंजा उचलणं, नेम धरणं, पुढे नेणं, तळवा खाली वळवणं, पकडणं, तळवा वर वळवत तोंडाशी आणणं, सोडणं. मोटर कॉर्टेक्स दुखावलेला उंदीर सरावानं पुन्हा दाणे मिळवायला लागतो. मात्र मनगटानं करायची वळणं तो अख्खं धड वळवून करतो. मोजणाऱ्याच्या वहीत दोन्हीची नोंद सारखीच होते, 'यशस्वी'. माणसाचंही तेच. पक्षाघातानंतर समोरचा पेला घ्यायला कोपर उघडत नाही, म्हणून माणूस कमरेतून पुढे झुकतो आणि पेला घेतो. मिंडी लेव्हिन यांच्या गटानं रुग्णांचं धड खुर्चीला बांधून हाच प्रयोग केला, तेव्हा हाताचे सांधे तिथल्या तिथे जास्त उघडले. म्हणजे हातात अजून थोडी धुगधुगी होती. धडानं तिला पुढे येऊ दिलं नव्हतं. पेला मिळाला की नाही एवढंच जो टिपत बसला, त्याला हे जन्मात कळलं नसतं.

आता माझं ऐक. हे मला आईच्या पोटातून कळलेलं नाही.

१९९६ मध्ये रँडॉल्फ नुडो आणि सहकाऱ्यांचा माकडांवरचा पेपर आला. कॉर्टेक्समधल्या हाताच्या भागात छोटी इजा केल्यावर माकडांना खळग्यांतून दाणे काढायचा सराव दिला, तर शेजारचा वाचलेला हाताचा प्रदेश टिकला, काही माकडांत तर तो कोपर-खांद्याच्या मुलखात पसरला. सराव न मिळालेल्या माकडांत आधी उलटं दिसलं होतं: शाबूत राहिलेला प्रदेशही आक्रसला होता. आम्ही तेव्हा तरुण होतो, मेंदूतल्या हाताच्या प्रदेशांच्या त्या नकाशांनी वेडावून गेलो. मी तसाच एक प्रयोग उंदरांवर केला. वर्षभर दाणे मोजले. कॅसेटवर चित्रीकरण केलं होतं, कारण तसं करायची पद्धत होती. कॅसेटी कपाटात गेल्या. पेपर छापून आला, शीर्षकात तुझाच शब्द.

आमच्याकडे पिंजरे साफ करणारे एक मामा होते. ते एकदा म्हणाले, "बाई, हे उंदीर आता चोरासारखे दाणा घेतात. आधी असं घेत नव्हते." मी हसले. दोन वर्षांनी, दुसऱ्याच कशासाठी तरी, त्या कॅसेटी लावल्या आणि माझे 'बरे झालेले' उंदीर पाहिले. एकूण एक उंदीर खांदा पाडून, अंग पिळून, पंजा खराट्यासारखा फिरवून दाणा ओढत होता. मामांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं ते मला दोन वर्षं दिसलं नाही, कारण मी दाण्याकडे बघत होते.

तो पेपर मी मागे घेतला नाही. आकड्यांत लबाडी नव्हती, आणि त्या काळी आम्ही सगळेच तो शब्द ऐसपैस वापरत होतो. २००९ मध्ये लेव्हिन, क्लाइम आणि वुल्फ यांनी 'रिकव्हरी' (जुनी हालचाल परत येणं) आणि 'भरपाई' (वेगळ्याच हालचालीनं काम भागवणं) यांची नीट फारकत करून दिली. त्याआधी कुणाला काय म्हणायचंय याचा पत्ता नसायचा. हे सगळं मी स्वतःला अनेकदा सांगितलंय. पण नुडो यांच्याच प्रयोगशाळेनं १९९८ मध्ये त्या माकडांच्या भरपाईच्या हालचालींवर वेगळा पेपर काढला होता, आणि तो मी वाचला होता. तेव्हा माझी सबब किती पोकळ आहे ते तूच ठरव. तुझ्याकडे तर तीही नाही.

तू म्हणशील, भरपाईनं काय बिघडलं? काम तर झालं. दवाखान्यात मी हे मान्य करते. ज्याला आज शर्टाची बटणं लावायचीत त्याला तत्त्वज्ञान सांगायला जाऊ नये. पण प्रयोगशाळेत हे बोलशील तर मी फोन ठेवून देईन. मेंदूचं शिकणं आंधळं असतं रे. ज्या हालचालीनं दाणा मिळाला तीच तो पक्की करतो. ती जुनी की जुगाडाची हे तो विचारत नाही. तू चार आठवडे रोज दाणा देऊन अंग पिळण्याला बक्षीस दिलंस. थेरेसा जोन्स यांच्या गटानं उंदरांचा चांगला पंजा सरावानं तरबेज केला, तर दुखावलेल्या पंजाची सुधारणा उलट मागे पडली. भरपाई फुकट मिळत नाही. तिची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून वळती होते, आणि ते खातं तू उघडूनच बघितलेलं नाहीस.

म्हणून पुन्हा: पंजा कसा गेला?

आल्फ ब्रोडाल यांचं नाव तुझ्या संदर्भांत नाही, याचं मला वाईट वाटलं. मेंदूच्या रचनेचे हे नॉर्वेजियन अभ्यासक. १९७२ मध्ये त्यांना स्वतःलाच स्ट्रोक झाला, डावी बाजू गेली. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या निरीक्षणांवर निबंध लिहिला. त्यांच्या लक्षात आलं की उजव्या, म्हणजे 'चांगल्या' हाताचं अक्षरही बदललंय. कुठल्याही चाचणीत तो हात पूर्ण गुणांनी पास झाला असता. अक्षर लागत होतं, पत्रं जात होती. पण आपलं अक्षर आपलं राहिलेलं नाही हे त्या माणसानं टिपलं. आपल्या क्षेत्रात मोजमापाची इतकी यंत्रं आली, तरी तो निबंध वाचताना मला आजही आपण सगळे आळशी वाटतो.

कॅसेटी पाहिल्यावर मी पाच वर्षं एकेक चौकट थांबवून गुण देत बसले. त्या काळात दोन पेपर आले, अनुदानाचं नूतनीकरण नाकारलं गेलं, आणि माझ्या बरोबरीचे दाणे मोजणारे विभागप्रमुख झाले. मला पश्चात्ताप नाही. म्हणजे आहे, पण पाच वर्षांचा नाही. आधीच्या दोन वर्षांचा आहे. हे कडवट वाटलं तर वाटू दे. तुझं सॉफ्टवेअर माझ्या त्या पाच वर्षांचं काम एका रात्रीत करतं, आणि तू त्याचा निकाल पुढच्या पेपरसाठी बाजूला ठेवायचं म्हणतोस, तेव्हा माझं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

गाइडशी भांडू नकोस. ते वाईट नाहीत, घाईत आहेत. मीही घाईत होते. त्यांना एवढंच सांग की दाण्यांचा आलेख आणि पंजाची वाट एकाच आकृतीत शेजारीशेजारी छापू, शीर्षकातून तो शब्द काढू आणि 'सरावानंतर दाणे वाढतात, हालचाल पूर्ववत होत नाही' असं सरळ लिहू. हा निष्कर्ष लहान नाही. इजेनंतर सराव कधी सुरू केला यानं हालचाल बदलते का, हा पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. बिअर्नास्की आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं होतं की पाचव्या दिवशी सुरू केलेला सराव उंदरांना चांगला मानवतो आणि तिसाव्या दिवशी सुरू केलेला जवळपास वाया जातो. तू कितव्या दिवशी सुरू केलास? तीन पानांत तेवढंच लिहायचं राहिलंय.

आणि हो, मला आलेख पाठवू नकोस. वीस क्लिप पाठव, प्रत्येकी एका झेपेची. उंदराचा क्रमांक, गट, आठवडा सगळं पुसून टाक आणि यादी तुझ्याजवळच ठेव. इजेआधीच्या दहा असू देत, नंतरच्या दहा. दाणा दिसतो तो भाग झाकलास तर उत्तम. गुरुवारपर्यंत बघून एकेकीला गुण देते; माझ्या डोळ्यांना अजून तेवढं जमतं. मग तू यादी उघड.

तुझी,
मॅडम