लिनक्सवर बिल्ड होतं, विंडोजवर मात्र ‘अनरिझॉल्व्ह्ड एक्स्टर्नल’ (वापरलेलं नाव लिंकरला सापडलं नाही) ही एरर येते. लायब्ररीचा पाथ बरोबर आहे, मग चुकतंय कुठे?

पाथ बरोबर असेल तर लायब्ररी कोणत्या कंपायलरने बनवली ते आधी बघा. माझा संशय असा की ती मिनजीडब्ल्यूची (जीसीसी या कंपायलरची विंडोजवरची आवृत्ती) आहे आणि तुम्ही व्हिज्युअल स्टुडिओने लिंक करताय. सी++ मधली फंक्शनची नावं दोघं वेगवेगळ्या पद्धतीने बदलतात, त्यामुळे फाइल सापडते पण आतलं नाव जुळत नाही. व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणाऱ्या ‘डंपबिन’ या टूलला ‘सिम्बॉल्स’ पर्याय देऊन लायब्ररीवर चालवा: नावं प्रश्नचिन्हाने सुरू होत असतील तर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर, अंडरस्कोअर आणि झेडने होत असतील तर जीसीसी. दोन मिनिटांत निकाल लागतो.

सरळ उपाय म्हणजे, तुम्ही ज्या कंपायलरने लिंक करताय त्यानेच लायब्ररी पुन्हा बनवा. व्हीसीपीकेजीत (मायक्रोसॉफ्टचा सी++ पॅकेज मॅनेजर) असली तर तिथून घ्या, हाताने बांधायचा उपद्व्याप वाचेल. डीबग-रिलीजची सरमिसळही नको. दोन्हींची रनटाइम लायब्ररी जुळली नाही तर एलएनके2038 ही लिंकरची एरर ठरलेली.

आणि हो, लिंक झाल्यावर आकडे विचित्र दिसले तर कोडमध्ये ‘लाँग’ हा पूर्णांकाचा टाइप शोधा. 64-बिट लिनक्सवर तो 8 बाइटचा, विंडोजवर 4 चाच. तिथे ‘इंट64_टी’ वापरा, तो दोन्हीकडे 8 बाइटचाच.