आकडीतला कोयता, हातातला कोयता

प्रश्न: मी देवगड तालुक्यातल्या एका गावची सरपंच. आमच्याकडे पाण्याचं काम केलेल्या एका संस्थेने इंग्रजीत अहवाल काढला. त्यात माझ्याविषयी लिहिलंय, 'द सरपंच वील्ड्स कन्सिडरेबल इन्फ्लुअन्स इन द व्हिलेज.' मुलाने मोबाइलवर 'वील्ड'चा अर्थ शोधला तर 'तलवार परजणे' असा आला! हा टोमणा आहे का? संस्थेला पत्र लिहू का?

उत्तर: सरपंचताई, लिहा, पण आभाराचं लिहा. या वाक्याचं मराठी असं होईल: 'सरपंचांच्या शब्दाला गावात चांगलंच वजन आहे.'

मुलाने शोधलेला अर्थ खोटा नाही, अर्धा आहे. 'वील्ड' दोन तऱ्हेच्या गोष्टींसाठी येतं. एक, हातात धरून चालवायच्या: तलवार, कुऱ्हाड, कोयता. दुसऱ्या, हातात न दिसणाऱ्या: सत्ता, अधिकार, वजन. आपलं 'चालवणे' नाही का, कोयत्यालाही चालतं आणि हुकमतीलाही.

आमच्या वेंगुर्ल्याच्या परसात दर दीड-दोन महिन्यांनी पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, येतो. माडावर चढताना त्याचा कोयता कमरेच्या आकडीत लटकत असतो. तोवर त्याच्याकडे कोयता नुसता 'आहे', इंग्रजीत 'हॅज'. शेंड्याला पोचल्यावर तो एका हाताने चुडताला विळखा घालतो, दुसऱ्या हाताने कोयता काढतो आणि पेंडीच्या देठावर घाव घालतो, तेव्हा तो कोयता 'वील्ड' करतो. खाली उभे असलेले आम्ही हा फरक व्याकरणाशिवायच ओळखतो आणि लांब सरकतो.

सत्तेचंही तसंच. खुर्ची असलेला माणूस 'होल्ड्स पॉवर'. ती सत्ता आकडीतून काढून चालवली, आणि चालते हे चारचौघांना दिसलं, की 'वील्ड्स पॉवर'. कान्होजी आंग्र्यांबद्दल हे क्रियापद शोभतं ते याचसाठी. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, नसलेलं गलबत या किनाऱ्यावरून सुखाने पुढे जाईल याचा भरवसा नसे.

आता एक गंमत. आमची मंडळी आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून सुरमईच्या तुकड्या करतात. धार कोयत्याला लाजवील अशी, पण तिथे 'वील्ड' बसत नाही. पातं पाटाला जखडलेलं असतं, हलतो तो मासा. या क्रियापदाला हत्यारच हाताबरोबर फिरायला हवं. हे मी उत्साहाने सौभाग्यवतींना समजावलं, तर म्हणाली, "मगे आज तुमीच कापा." तेव्हा भाषाशास्त्र तिथेच थांबवलं.

मुलाला हेही सांगा की सत्तेचा अर्थ या शब्दाला मागाहून चिकटलेला नाही. जुन्या इंग्रजीत त्याचं मूळ रूप राज्य करणे, ताब्यात ठेवणे या अर्थाचंच होतं. त्याचा जर्मन भाऊबंद 'गेवाल्ट' म्हणजे सत्ता, आणि हिंसासुद्धा. 'आर्नोल्ड' या नावाच्या शेपटीतही हेच मूळ आहे. पुढचा भाग गरुडाचा, मागचा सत्तेचा.

पण तुमची शंका अगदीच निराधार नाही. अहवालात 'इन्फ्लुअन्स'च्या जागी 'पॉवर' असतं, आणि पुढे 'ओव्हर द व्हिलेजर्स' जोडलेलं असतं, तर मीही भुवई वर केली असती. त्याला 'गावकऱ्यांवर सत्ता गाजवते' असा वास येतो. शिवी नव्हे, पण गोडवाही नव्हे. म्हणून कायद्याचं इंग्रजी हे क्रियापद टाळतं. तुम्ही ज्या १९५८च्या ग्रामपंचायत कायद्याखाली काम करता, तशा कायद्यांत अधिकार 'एक्सरसाइज' करतात. तिथे ना तलवार, ना कोयता, नुसता शिक्का आणि सही. तुम्ही स्वतः इंग्रजीत अर्ज केलात तर तोच शब्द घ्या. 'आय वील्ड पॉवर' असं स्वतःबद्दल लिहू नका, फुशारकी वाटते. हा शब्द दुसऱ्याने आपल्याबद्दल वापरावा.

कर्म मात्र सोडायचं नाही. 'द सरपंच वील्ड्स' एवढ्यावर थांबलं तर वाचणारा विचारेल, काय? आणि याच घराण्यातला 'अनवील्डी' हा शब्द आपल्या उपयोगाचा आहे. हाताळायला अडनिडं, आवरता न येणारं असं काहीही. रापणीचं जाळं एकट्याने ओढायला गेलात तर ते 'अनवील्डी'. सरकारी परिपत्रकातलं वाक्य बहुधा 'अनवील्डी'च असतं.

उच्चार 'फील्ड', 'शील्ड'सारखा, लांब. स्पेलिंगमध्ये आधी आय, मग ई. यातला आय गळला की शब्द 'वेल्ड' होतो, म्हणजे सांधणे, जे बंदरावर ट्रॉलरच्या पत्र्यांना ठिणग्या उडवत चाललेलं असतं. ही चूक मी स्वतः केलेली आहे. नववीच्या सहामाहीत आंग्र्यांवरच्या निबंधात मोठ्या दिमाखात लिहिलं की त्यांनी कोकण किनाऱ्यावर सत्ता 'वेल्डेड'. मास्तरांनी खाली लाल शाईत विचारलं होतं, 'भट्टी कुठे होती, कुलाब्याला की विजयदुर्गाला?'