एचआयव्ही आटोक्यात आहे, तरी वडिलांना एक दिवस बरं आणि एक दिवस उठवत नाही, असं का?

तुमचे वडील 57 वर्षांचे, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) कित्येक वर्षं सापडत नाही, तरी कधी ठणठणीत तर कधी जिनाही चढवत नाही, आणि घरच्यांना ते ढोंग वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. ढोंग नाही हो ते. मी 2001 पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे, आता साठीला आलोय, आणि हा शब्द मीही ऐकलाय.

माझ्या पहिल्या गोळ्यांत स्टॅव्हुडिन होतं. त्याने जीव वाचवला, पण तळपायांच्या नसा गेल्या. रात्री चादर पायाला लागलेली सोसत नाही, आणि दिवसा चप्पल निसटली तरी चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध हळूहळू बंद करायला सांगितलं. माझ्या नसा मात्र पुन्हा पूर्ववत झाल्या नाहीत. वडिलांनी सुरुवातीला कोणती औषधं घेतली होती, ते जुन्या कागदांत शोधा.

व्हायरल लोडचा रिपोर्ट फक्त रक्तातल्या विषाणूबद्दल बोलतो. विषाणू दबला तरी आत बारीक दाह धुमसत राहतो, म्हणून हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. टेनोफोव्हिर या एचआयव्हीच्या औषधाच्या जुन्या प्रकाराने हाडं आणि मूत्रपिंडं दुखावू शकतात. बीपी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी), हाडांची घनता हे सगळं डॉक्टरांना आपणहून विचारा. स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दलही विचारा: 2023 मध्ये आलेल्या रिप्रीव्ह अभ्यासात 40 ते 75 वयाच्या एचआयव्हीबाधितांमध्ये पिटाव्हास्टॅटिनने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात असे गंभीर प्रसंग सुमारे 35 टक्क्यांनी कमी झाले. पण मनाने काही सुरू करू नका. एचआयव्हीच्या औषधांपैकी रिटोनाविरबरोबर सिम्व्हास्टॅटिन चालत नाही, आणि डोल्युटेग्राविरबरोबरच अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली अ‍ॅसिडिटीची साधी गोळी घेतली तरी ते नीट शोषलं जात नाही.

हे अपंगत्व येतं-जातं, म्हणून कुणाला दिसत नाही. डॉक्टरांना ‘बरं वाटत नाही’ म्हटलं की पाच मिनिटांत आटोपतं. मी वहीत लिहितो: ‘मंगळवार, शर्टाचं बटण लागलं नाही’, ‘सातव्या पायरीवर बसलो’. ती वही पाहिल्यावरच मला फिजिओथेरपी मिळाली.

आणि वडिलांचे तळपाय रोज संध्याकाळी उजेडात बघा. माझ्या टाचेत काचेचा तुकडा रुतला होता. मुलीने फरशीवर रक्त पाहिलं, तेव्हा मला कळलं.