माहिती अधिकार : महापालिकेचे मौन

प्रश्न : आमच्या गल्लीतील काँक्रीट रस्त्याच्या खर्चाची माहिती मी महापालिकेकडे मागितली होती. 38 दिवस उलटूनही उत्तर आलेले नाही. पुन्हा अर्ज करावा का?

उत्तर : नव्याने अर्ज करू नका, प्रथम अपील करा. माहिती अधिकार अधिनियम, 2005 नुसार 30 दिवसांत निर्णय न कळवणे म्हणजे माहिती नाकारणेच मानले जाते, आणि त्यानंतर 30 दिवसांच्या आत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे माहिती अधिकाऱ्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, दाद मागता येते. महाराष्ट्रात त्यासाठी 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो. मूळ अर्जाची पोच मात्र हाताशी हवी, आणि ती न घेताच काउंटरवरून परतणारे अर्जदार कमी नसतात. मुदत टळल्यावर मिळणारी माहिती विनामूल्य द्यावी लागते, त्यामुळे छायांकित प्रतींचे पैसे मागितल्यास कलम 7(6) दाखवा.

‘रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले असेल, तर पुढच्या वेळी कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश), मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या वहीची) संबंधित पाने आणि अंतिम देयक (शेवटचे बिल) यांच्या प्रती नेमकेपणाने मागा. ‘रस्ता का खचला’ हा प्रश्न रास्त असला तरी तो अर्जात नको, कारण कायद्याने अभिलेख मिळतो, खुलासा नव्हे.